आईच्या नावाचं पाकीट

निघताना गारखेड्याच्या घराच्या फाटकापाशी आईनं माझ्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. मुंबईच्या विमानतळावर नेणारी गाडी उभी होती, दादा बॅगा चढवत होता. "तिथं कुणाला काय सांगशील तू? असू दे जवळ," एवढंच ती म्हणाली. डब्यात मेडिकलवाल्याची छोटी कागदी पाकिटं होती. आपल्याकडे तो पट्टी कात्रीनं कापून चार गोळ्या देतो. उरलेल्या आई जपून ठेवायची आणि पाकिटावर बॉलपेननं लिहायची: यांचा खोकला, दादाचा ताप, शुभीची पोटदुखी. शुभी म्हणजे मी.

इटलीत तोरिनोला आल्यावर नवऱ्याच्या, संदीपच्या, कारखान्यातल्या पाळ्या सुरू झाल्या आणि मी वाचनालयातल्या इटालियनच्या वर्गाला जाऊ लागले. मास्तरीणबाईंनी आधी फार्माचियातली, म्हणजे औषधाच्या दुकानातली, वाक्यं शिकवली. पोळ्या लाटताना मी ती घोकायची. 'मियो मारीतो आ ला फेब्रे', माझ्या नवऱ्याला ताप आहे. 'मला ताप आहे' हेही वहीत होतं, पण ते कधी तोंडातून काढलंच नाही. आमच्या घरातल्या बायकांनी स्वतःसाठी मेडिकलची पायरी चढल्याचं मला आठवत नाही.

पहिल्याच हिवाळ्यात मी तापानं फणफणले. संदीप कामावर होता. डब्यातून 'दादाचा ताप' काढलं, तर कापलेल्या तुकड्यावर ना औषधाचं नाव, ना तारीख. घ्यायचा धीर होईना. स्वेटरवर शाल गुंडाळून हिरव्या क्रॉसची पाटी असलेल्या फार्माचियात गेले.

"पेर की ए?" काउंटरवरच्या वयस्क बाईंनी विचारलं. कुणासाठी?

दात कडकड वाजत होते, तरी मी म्हणाले, नवऱ्यासाठी. त्यांनी त्याचं वय विचारलं, मी सांगितलं. खोकला आहे का, विचारलं, तर मलाच उबळ आली. बाईंनी हातातलं खोकं खाली ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "ए लेई?" आणि तुम्ही?

मला रडूच कोसळलं. "पेर मे," मी म्हणाले. माझ्यासाठी.

घरी येऊन गोळी घेतली आणि सगळी पाकिटं पलंगावर मांडली. बाबांची होती, दादाची होती, माझी तर पाच होती. शेजारच्या काकूंचंसुद्धा एक होतं. आईचं एकही नव्हतं. इतक्या वर्षांत ती एकदाही आजारी पडली नसेल? की आम्ही कुणी विचारलंच नव्हतं? मला स्वतःची लाज वाटली.

लगेच फोन लावला. "आई, तुला काय होतंय?"

"मला काय धाड भरलीय! तू जेवलीस का?"

एरवी मी हसून विषय सोडला असता. त्या दिवशी सोडला नाही. "जेवले. आणि तू? खरं सांग."

मग ती म्हणाली, "जिना चढताना छातीत भरून येतं गं. लई दिवस झाले. कुणाला कशाला सांगू?"

मी दादाला कळवलं, तो दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. आता रोजची गोळी आहे, जन्माची.

तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, त्यांना इथल्या भाषेत तोंड उघडताना हेच वाटत असेल, की घरी बरं होतं, न सांगता कळायचं. मीही तेच म्हणायची. पण आमच्या घरात न सांगता कळायचं ते आईला, आणि तिचं मात्र कुणालाच कळत नव्हतं. घर म्हटलं की आता मला हेही आठवतं.

यंदा गारखेड्याला गेले. सकाळी चहा ठेवायच्या आधी बाबांनी फळीवरून गोळ्यांचा नवा डबा काढला आणि सगळ्यात वरचं पाकीट आईपुढं धरलं. त्यावर तिच्याच तिरप्या अक्षरात एक शब्द होता: माझी.