पांढरी तीनचा सूर

इंदापूरच्या दातेसाहेबांनी मला फसवलं. टेपरेकॉर्डरच्या धंद्यात मी बऱ्याच जणांना गुंडाळलंय, ते नाकारत नाही. पण मला गुंडाळणारा हा एकच माणूस.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमचं घराणं मेंढरांमागं उघड्या रानात झोपणारं. भीत बसलं असतं तर पोट भरलं नसतं. मी वडगाव निंबाळकरहून बारामतीला आलो, दुसऱ्याच्या दुकानाच्या फळीवर बसून रेडिओ दुरुस्ती शिकलो, आणि शहाण्णव साली एस.टी. स्टँडच्या मागं माझं स्वतःचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या.

दातेसाहेब साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले. त्यांना जपानी डेक विकायचा होता. आत एक कॅसेट होती. परदेशी व्हायोलिनची, एका मोठ्या रचनेतला मधला संथ भाग, असं त्यांनी समजावलं. याची लय चालत्या पावलाची, म्हणाले. डेक नेलात तर कॅसेटही न्या.

"फक्त... याचा वेग कधीकधी कमी होतो."

मला तेवढंच हवं होतं. आतला रबरी पट्टा सैल झाला असणार, हे मी ओळखलं. पण तोंड वाकडं करून मोटर गेलीय असं ठोकून दिलं आणि भाव निम्म्यावर आणला. साहेबांनी एका शब्दानं घासाघीस केली नाही. तिथंच मला कळायला हवं होतं.

माझे वडील, आबा, तेव्हा दम्यानं बेजार होते. मागच्या खोलीत लोडाला टेकून बसलेले असायचे. आडवं होता येत नसे. त्या दुपारी मी पट्टा बदलला आणि चाचणीला तीच कॅसेट लावली. दोन मिनिटांत मागून येणारी घरघर थांबली. मी धावत आत गेलो. आबा डोळे मिटून शांत श्वास घेत होते.

"घोडं चाललंय," ते म्हणाले. "वझं लादलेलं. घाट उतरतंय."

दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, हे त्यांनी चाळीस वर्षं केलेलं. सगळं बिऱ्हाड घोड्यावर. घाटात घोड्याला हाकायचं नाही, आपण त्याच्या पावलानं चालायचं, हा त्यांचा नियम.

इंजेक्शननं होत नव्हतं ते त्या व्हायोलिननं झालं. मग रोज दुपारी तेच. चाल उदास म्हणावी तर तशी नव्हती... आपलं माणूस पुढच्या वळणापलीकडं आहे, दिसत नाही, पण थांबलेलं आहे, असं काहीतरी. मला मात्र ती ऐकताना एका जागी बसवत नसे. मी येरझाऱ्या घालायचो. चाचणी करताना वेळ टिपायची माझी सवय. पहिल्या दिवशी तो भाग दहा मिनिटांत संपला होता. तिसऱ्या दिवशी बारा लागली. नंतर चौदा. आणि आबांचा श्वास व्हायोलिनच्या गजाबरोबर लांबत होता — गज ओढला की आत, परतला की बाहेर.

टेपचा वेग घटला की सूर उतरतो, बाईचा आवाज रेड्यासारखा होतो, हे कुणालाही ठाऊक आहे. हा सूर उतरतच नव्हता. शेजारी हार्मोनियम दुरुस्त करणारे शंकरराव होते. त्यांना पेटी घेऊन बोलावलं. त्यांनी पेटीच्या पट्ट्यांशी सूर जुळवून पाहिला.

"पांढरी तीन. भिंतीपलीकडून रोज ऐकतोय, पहिल्या दिवसापासून हीच हाय. दत्ता, तुझं घड्याळ बदल."

मग त्यांच्या घड्याळानं मोजलं. सोळा. शंकररावांनी गुपचूप पेटी उचलली. परत काही ते आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मोटरचा स्क्रू फिरवून वेग वाढवला. सूर चढला, पांढरी तीनच्या वर गेला. वेळ मात्र अठरा मिनिटं! आणि त्या अठरा मिनिटांत आबा पाण्याबाहेरच्या माशासारखे तडफडले.

"ह्यो सूर न्हाय. आधीचा लाव."

"आबा, टेप बिघडलीय. तुमचा श्वास लांबत चाललाय त्याच्यासंगं. एक दिवस परत यायचा न्हाय."

"ठावं हाय मला. पर इतका निवांत श्वास दहा वर्सांत घेतला न्हवता." मग हसले. "सौदा माझा हाय का तुझा? घोड्याला घाई करू नगं, लेका."

आयुष्यात कुणापुढं मी इतक्या लवकर हार मानली नव्हती. स्क्रू होता तिथं परत आणला.

त्या दिवशी मी घड्याळ हातातच धरलं होतं. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. गज एकदा ओढला गेला आणि तो सूर तसाच राहिला... कॅसेटची चाकं थांबलेली मला स्पष्ट दिसत होती. सूर चालूच होता. किती वेळ, सांगू शकत नाही. घड्याळाकडं बघायचं राहून गेलं. सूर थांबला तेव्हा आबा गेले होते. चेहऱ्यावर ताण नव्हता, घामाचा थेंब नव्हता.

तेराव्यानंतर डेक उचलला आणि इंदापूर गाठलं. दातेसाहेबांच्या दारात उभा राहून आवाज चढवला. बिघडलेला माल गळ्यात मारलात, माझे वडील गेले, म्हणालो. एवढंच. सुराबद्दल, वेळेबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. साहेब डेककडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "शेवटचा सूर किती वेळ राहिला?"

मी एक पाऊल मागं सरलो. त्यांनी दार लावून घेतलं. मी कडी आपटली, शिव्या दिल्या, गल्ली गोळा झाली. दार उघडलं नाही. महिन्याभरात ते घर विकून गेले. कुठं, कुणी सांगत नाही.

पुण्याच्या मेकॅनिकनं डेक तपासला. तो भाग दहा मिनिटांत संपतो, म्हणाला, दोष कसलाही नाही. मलाही आजपर्यंत सापडलेला नाही.

दातेसाहेब, तुम्ही जिथं असाल तिथं हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून छापायला दिलंय. मला भरपाई नको. तुम्ही दोष सांगितलात, पण अर्धाच. तुमच्या घरात ती कॅसेट कुणाच्या उशाशी लावली होती ते सांगा. आणि मी तो स्क्रू परत फिरवला ते बरोबर केलं की चूक, हेही तुम्हीच सांगायचं. दुसरं कुणी सांगू शकत नाही.