डावीकडे कललेल्या खुणा

कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापड बेतायचं आणि कापायचं काम तिचं. गेली सव्वीस वर्षं. कागदोपत्री मात्र ती ‘मदतनीस’. तिच्या वस्तीतले काळे लोक सगळे मदतनीस आणि गोरे तेवढे मास्तर, मालकाच्या आजोबांपासून हेच चालत आलेलं. रंगावरून पद, पदावरून पगार, पगारावरून ओल आलेली एक खोली, आणि ती खोली बघून मालक पुन्हा म्हणायला मोकळा, की या लोकांना पुढे यायचंच नसतं! मास्तरांना बसायला स्टूल होतं. मदतनिसांनी दिवसभर उभं राहायचं. तिच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते.

यंदा फर्मान निघालं. मास्तर राहतील, मदतनिसांना महिनाअखेरीस नारळ. पन्नाशी उलटलेल्या बाईला आता दुसरीकडे कोण उभं करणार? नवऱ्यालाही तिने सांगितलं नाही.

कुणीतरी तक्रार केली, तशा कामगार खात्याच्या तपासनीस बाई आल्या. मालकाने सांगितलं, कापतात ते मास्तर, मावशी नुसतं कापड धरते. तिच्या टेबलावरच्या मास्तरांनी मान डोलावली. बाईंनी भिंतीवर टांगलेले कागदी साचे उतरवले. प्रत्येकाच्या कडेला कापडाचे दोन तुकडे जुळवण्यासाठी पेन्सिलीने काढलेली जोडखूण, डावीकडे कललेली. बाईंनी मास्तरांना तशी खूण काढायला लावली. ती उजवीकडे कलली.

मग पेन्सिल तिच्याकडे आली. तिने ती सवयीने डाव्या हातात धरली. याच डाव्या हातामुळे तिने आजवर बोलणी खाल्ली होती, खुणा तरी सरळ काढ म्हणून. खूण डावीकडे कलली.

“साचे मावशींचेच आहेत,” मास्तर खाली बघत म्हणाले. “मी नुसती सही करायचो.”

बाईंनी नोंदवही ओढली आणि विचारलं, पद मास्तरीण लिहू का?

“नको बाई, मास्तरच लिहा. मास्तरीण लिहिलंत तर मला शाळेत पाठवतील.”

बाई हसल्या, मास्तर लिहिलं, आणि पुढच्या मदतनिसाला हाक मारली. आज सगळ्यांचीच कामं बघणार होत्या त्या. तिचा महिनाअखेरीचा नारळ टळला.

मास्तरांनी आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं. ती सवयीने आधी मालकाकडे बघणार होती, पण बघितलं नाही. बसली. आणि बसल्यावर तिला कळलं, आपण किती दमलो होतो ते.