हाताने काढली म्हणून शून्य

पिपलानीतल्या आमच्या क्वार्टरमधला इन्व्हर्टर, बायकोच्या शिलाई मशीनची मोटर, टाकी भरली की वाजणारी घंटी, सगळं मी स्वतः शिकून या हातांनी केलंय. त्याच जोरावर, बी.कॉम. असूनही, इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या ऑनलाइन मास्टर्सला बसलो.

मंडळी, आज डेटाबेसच्या आकृतीला शून्य मिळालं. ड्रॉइंग शीटवर पट्टीने, शाईने काढून फोटो पाठवला होता. कोर्सच्या मॅडमना फोन केला, "चूक दाखवा."

"चूक नाहीये हो, पण सॉफ्टवेअरमधलीच फाइल चालते."

ते सॉफ्टवेअर मला उघडतासुद्धा येत नाही. परवापर्यंत तशी फाइल पाठवायला जमलं नाही तर विषय गेला.

शेजारचा कोचिंगवाला हसला, "अंकल, आप बस नाम डालो, बाकी हम बना देंगे."

नाव माझं आणि रेघ त्याची? तुम्हाला पटेल?

अख्खं सेमिस्टर करून द्यायचे तो पाच हजार मागत होता. मी नको म्हटलं.