दाराआडून सांगायचे उपसर्ग

आमच्या सौसर गावात मुलगी बघायला पाहुणे येणार असले की धाकट्या बहिणीला घराबाहेर पाठवत, पाहुण्यांची नजर भलतीकडे जाऊ नये म्हणून. ऐंशीच्या दशकातही हे चालू होतं. ताईला बघायला तीनदा लोक आले आणि तिन्ही वेळा मी रामाकोन्याला मावशीकडे होते. नकार तरीही आले. चौथ्या वेळी मला घरात ठेवलं, कारण ताईला इंडोनेशियन क्रियापदांचे उपसर्ग येत नव्हते.

स्थळ पांढुर्ण्याचं, घरचं कापडाचं दुकान. मुलगा इंडोनेशियात सूतगिरणीत नोकरीला होता. बाजारहाट, मोलकरीण, शेजारी, सगळं तिथे बायकोलाच सांभाळायचं होतं, म्हणून त्याने तिथल्या भाषेचं एक पातळ पुस्तक पाठवलं. दिवाळीला येईन तेव्हा विचारीन, जमलं तरच लग्न, असं सरळ लिहिलं होतं. ताई सव्वीसची होती. बाबा शाळेत मास्तर. यानंतर आपण कुठे विचारायला जाणार नाही, असं त्यांनी तिला सांगून टाकलं.

पुस्तक मी दोन आठवड्यांत संपवलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, वह्या आखायची हौस होती. भाषा नीटनेटकी निघाली. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, बाई-पुरुष असाही फरक नाही. बहुतेक काम पुढे लागणाऱ्या तुकड्याचं. 'बाचा' म्हणजे वाच. 'मेंबाचा' म्हटलं की वाचणारा पुढे येतो, 'दिबाचा' म्हटलं की वाचली जाणारी वस्तू. 'तेर' लावला की न ठरवता घडलेलं. त्रास फक्त 'मे'चा, तो कधीकधी पुढचं अक्षर खातो. 'तुलिस', म्हणजे लिही, त्याचं 'मेनुलिस' होतं. 'सापु', म्हणजे झाडून काढ, त्याचं 'मेन्यापु'. मी चार रकाने आखले आणि रोज संध्याकाळी ताईला ओसरीवर बसवून विचारायला लागले.

चुकली की तो शब्द वीसदा लिहायला लावायची. शेजारच्या काकू बघत असल्या तर तीसदा.

"पाठ काहून होत नाही व तुले?"

"सैपाक करता करता सगळं विसरून राहिली मी. हळू सांग न जरा."

मी हळू सांगितलं नाही.

शेवटी आईने तोडगा काढला. मी आतल्या दाराआड उभं राहायचं आणि ताई अडली की कुजबुजायचं. "बाहेर पाय टाकू नको," आईने बजावलं.

पाहुणे आले, पोहे झाले. मुलाने विचारलेले पहिले दोन शब्द मी कुजबुजले आणि ताईने बरोबर सांगितले. मग तो म्हणाला, "ती अंगण झाडते. हे सांगा." ताई 'सापु' म्हणून थांबली. तिने मान किंचित दाराकडे वळवली. मला उत्तर येत होतं. मी गप्प राहिले.

मुलाची आत्या हसली. "अंगण झाडाले एवढा वेळ लागते काय व, बाई?"

मग मी पाण्याचा तांब्या उचलला, उंबरा ओलांडला आणि सबंध वाक्य मोठ्याने म्हटलं. अंगण झाडलं जातं, तेही म्हणून दाखवलं.

आत्याने मला खालून वर पाहिलं. "अन् हे कोण? इले कायले लपवून ठेवलं होतं, मास्तर?"

तिसऱ्या दिवशी निरोप आला: धाकटी चालेल. बाबांनी ताईला विचारलं तेव्हा ती भांडी घासत होती.

"मले कायले विचारून राहिले? द्या तिले."

आई लग्नापर्यंत माझ्याशी बोलली नाही. न्यायच्या सामानाची यादी मी केली आणि ताईने ती बघून माझी पेटी भरली. एकही वस्तू राहिली नाही.

तिकडे गेल्यावर आठवड्याभरात कळलं की घरात, बाजारात ते तुकडे कोणी फारसे लावतच नाही. मोलकरीण नुसतं 'सापु' म्हणायची. हे मी पत्रात लिहिलं नाही.

दोन वर्षांनी बोरगावच्या एका विधुराशी ताईचं ठरलं. त्याला तीन मुलं होती. लग्नाला यायला यांना सुट्टी मिळत नाही, असं मी घरी कळवलं. सुट्टी मिळाली होती. ती आम्ही समुद्रावर घालवली.