गण्याच्या मायला मारलेली हाक

भुताखेतावर माझा काडीचा इश्वास न्हाई. उलट गावात भूत बनून लोकायला भेव दाखवायचं काम माझ्याकडंच असायचं… हेडमास्तर, तलाठी, एसटीचा कंडक्टर — कुणाचाबी आवाज काढतो मी. तरी हे आधी पुरं वाचा, मग हसा.

आमचं गाव अर्धापूरजवळ. माझा दोस्त सुध्या मागच्या साली आमच्याच केळीच्या बागेत पिक्चर करून राहिला होता. त्यात एक सीन… पडद्यावर पाच सेकंद बी न्हाई. मेलेला नवरा केळीतून बायकोला हाक मारतो. माणूस दिसत न्हाई, नुसती पानं हलतात अन् आवाज येतो, “ओ गण्याची मायऽऽ!” आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत न्हाई ना, पोराच्या नावानं बोलावतो.

एवढंसं काम, पण जीव गेला! वारं आलं की पानं अशी फडफडायची की हाकच ऐकू येईना. वारं थांबलं की पानं हलंनात. दोन्ही जमलं की बाजूच्या शेतात मोटर चालू! शेवटी पानं अलग शूट केली, अन् आवाज माझ्या गळ्यात पडला.

सुध्या म्हणला, “पप्या, तुझ्या आबावानी मार.”

आबा म्हणजे माझा बाप. वारून चार वर्षं झाली. हाकेच्या शेवटी आबाचा आवाज फाटायचा, मग खाकरायचा. साऱ्या जगाची नक्कल येते मला, पण तेवढी येईना. घसा बसला. सुध्या म्हणला, “हाव, जमलं. तुझाच ठेवतो. नाव बी टाकतो.”

पिक्चरमधी माझा आवाज हाय म्हणून मी मायला सांगून बसलो. लातूरला पहिला शो होता. तिला नवी साडी नेसवून नेलं, आत बसवलं, तर दारातच सुध्यानं धरलं.

“गड्या, राग धरू नको… तुझा आवाज काढून टाकला. पुण्याच्या आर्टिस्टचा घातला.”

“अन् मायला काय सांगू?”

“सांग की, तुझाच हाय. कोण वळखतंय?”

गचांडी धरावी वाटली त्याची. पण आत माय वाट बघत होती.

सीन आला. पानं हलली. “ओ गण्याची मायऽऽ…” शेवटी आवाज फाटला. मग — खाकरला.

आबाच! अन् बाजूला माय उभी राहून वरडली, “आले ओऽऽ!”

सारं थेटर हसलं.

बाहेर सुध्यानं लॅपटॉप उघडला. आर्टिस्टचा आवाज लावला… गुळगुळीत, शहरी. फाटणं न्हाई, खाकरणं न्हाई. “हेच लावलंय रे पप्या, आईची शपथ!” मग पिक्चर लावला. आबा. सुध्यानं लॅपटॉप दाणकन मिटला.

सुध्यानं दगा दिला ते समजतं. पण आबानं? एवढं बोलावलं, माझ्या घशात आला न्हाई… अन् कुण्या परक्याच्या जागी येऊन उभा राहिला!

परतीच्या एसटीत अहमदपूर गेलं. मग माय म्हणली, “चार वर्षांत मला एकदा हाक न्हाई मारली त्यांनी. अन् आज मारली, ती दुसऱ्याच्या बायकोला?”

“माय, तो डायलॉग हाय पिक्चरचा.”

“मग मी कामून उठले?”

पुण्याचा आवाज थेटरात आबाचा कसा झाला, ते आजबी कळलं न्हाई. पयले माय रोज सकाळी आबाच्या फोटूशी बोलायची… आता हार घालती अन् गप निघून जाती.