रेवणप्पानं न लावलेली पैज

रेवणप्पा परभणीच्या एका जिनिंगमध्ये इंजिन चालवायचा. कापसाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि शिमग्याला संपायचा. तेवढे महिने तो त्या तेलाच्या इंजिनापासून हलत नसे. आवाजात जरा फरक पडला की त्याचे कान टवकारायचे. "पट्टा सैल झालाय," म्हणायचा, नाहीतर, "तेलात कचरा आलाय," आणि पाना घेऊन कारण शोधूनच उठायचा. मशीन उगाच बंद पडत नाही, यावर त्याचा देवासारखा विश्वास होता.

या विश्वासानंच त्याचा घात केला.

शिमगा झाला की जिनिंगला कुलूप लागे आणि रेवणप्पा पोखर्णीला घरी येई. शेत नव्हतं, गावात काम नव्हतं. दिवसभर इंजिनाच्या ठोक्यांना सरावलेले कान एकाएकी रिकामे व्हायचे. अशा वेळी दुपारी गावाबाहेरच्या चिंचांखाली सटवाजीचा पत्त्यांचा फड बसे. खेळ अंदर-बाहरचा. एक पान उघडं ठेवायचं, मग एकेक पान आत आणि बाहेर टाकत जायचं. जोडीचं पान ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली.

पहिल्या दिवशी रेवणप्पा जिंकला. दुसऱ्या दिवशी हरला. दुसरा कुणी असता तर नशिबाला शिव्या घालून घरी गेला असता. रेवणप्पा कारण शोधायला लागला. काल आपण खोडाला टेकून बसलो होतो, आज नाही. काल पटका पांढरा होता, आज तांबडा. समोर कोण होतं? तोंड कुठं होतं? कधी एखादं कारण लागू पडल्यासारखं वाटायचं, लागोपाठ डाव यायचे, आणि मग ते कारणही दगा द्यायचं. त्याला पैशाची हाव नव्हती. बिघाड सापडत नव्हता, म्हणून तो उठत नव्हता. शिवाय पान उलटण्याआधीचा तो क्षण! चाकाला झोका दिल्यावर इंजिन पेट घेणार की नाही, अशा वेळी छातीत जे व्हायचं, अगदी तेच.

असे तीन-चार उन्हाळे गेले. बायको शिवम्मा हिच्या पाटल्या गेल्या, दुभती म्हैस गेली. दर खेपेला रेवणप्पा गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन शिवम्मापुढं शपथ वाहायचा. लिंगायताच्या घरात याहून मोठी शपथ नाही. आणि दर खेपेला मोडायचा.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी जिनिंगचे मालक किशनराव यांनी नवं इंजिन आणलं. जुनं बिघडून कोपऱ्यात पडलं होतं. ते रेवणप्पाला म्हणाले, "घेऊन जा गावाला. सोबत दळणाचे दगडबी देतो, गिरणी घाल. नरसिंहाच्या जत्रेला ती चालू दिसली तर इंजिन तुझं. न्हाई दिसली तर गाडी पाठवून भंगारात घालतो. कबूल?"

"कबूल, मालक."

पोखर्णीच्या बाया आनंदल्या. जात्याची सुटका होणार होती. रेवणप्पानं अंगणात सगळं इंजिन उघडून मांडलं, घासलं, पुन्हा जोडलं. पण ते काही केल्या पेट घेईना. एका दुपारी वैतागून तो "जरा डोकं मोकळं करतो" म्हणत बाहेर पडला, आणि पाय आपोआप चिंचांकडे वळले. जवळचं सगळं संपल्यावर त्यानं कशावर डाव लावावा? इंजिनाच्या दिव्यावर! हा पितळी दिवा इंजिनाच्या डोक्याखाली भडकवायचा. डोकं लाल झालं की मगच चाकाला झोका द्यायचा. दिव्याशिवाय इंजिन म्हणजे नुसतं लोखंड.

त्यानं आतवर लावलं, पान बाहेर पडलं. दिवा सटवाजीचा झाला.

घरी येऊन रेवणप्पानं हात धुतले आणि इष्टलिंग तळहातावर घेतलं. शिवम्मा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"ठिवा ते गळ्यात. शपथ नगं."

"ह्या खेपेला खरं सांगतो, शिवम्मा."

"दर खेपेला खरंच सांगता. पण तुमची शपथ बी डावच हाय. पाळली तर जिंकली, मोडली तर पुन्हा मांडायची. देवाला कशाला पत्त्यात ओढता?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"मला एक सांगा. इंजिन बंद पडल्यावर तुमी काय करता?"

"कारण हुडकतो."

"सापडतं?"

"सापडतंच. एका वक्ताला एकच गोष्ट बदलायची. फरक पडला तर तीच, न्हाई पडला तर दुसरी."

"आन् पत्त्यात?"

"हुडकायलोय अजून."

"चार उन्हाळं? असं कंचं इंजिन हाय ओ, जे तुमाला चार उन्हाळं सापडंना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेजारच्या अप्पारावांकडून पत्ते मागून घेऊन आली. ओसरीवर चिंचोक्यांची रास घातली आणि म्हणाली, "बसा. हुडकूनच काडू."

रेवणप्पा हसला, पण बसला. जिनिंगमध्ये करायचा तसंच त्यानं केलं. आधी फक्त पटका बदलला. मग फक्त जागा. मग तोंड उगवतीला, मग मावळतीला. शिवम्मा पानं टाकत राहिली, चिंचोके इकडून तिकडे जात राहिले. रोज दुपारी हाच उद्योग. येणारीजाणारी बाई तोंडाला पदर लावून म्हणे, "शिवम्मा, तू बी लागलीस काय नादाला?"

"लागले बया. नवरा बघ कसा घरात सापडतो!"

आणि एका दुपारी रेवणप्पानं हातातली पानं खाली ठेवली. इतका वेळ तो पानांकडे नव्हे, तिच्या हातांकडे बघत होता.

"शिवम्मा, ह्यात बिघाडच न्हाई."

"मंजी?"

"मशीनच न्हाई हे. पटका घाल, नगं घालू, पान त्याच्या मर्जीनं पडतंय. लोक काय म्हणत्याल? मी चार साल रिकाम्या डब्यात हात घालून नट हुडकत व्हतो गं!"

तो मोठ्यानं हसत सुटला. शिवम्माच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. इंजिनवाल्यानं असा निकाल दिला की तो फिरत नाही, हे तिला शपथेपेक्षा पक्कं माहीत होतं.

कळलं म्हणून ओढ लगेच सुटली नाही. दुपार झाली की तळपाय शिवशिवायचे. तेव्हा तो पाना उचलायचा आणि इंजिन पुन्हा उघडायचा.

राहिला दिवा. शिवम्मा सटवाजीच्या घरी गेली ती तो फडावर असताना. त्याची बायको दगडाबाई जात्यावर बसली होती, घामानं निथळत.

"दिवा?" दगडाबाई म्हणाली. "बाजंखाली टाकलाय मुडद्यानं. घेऊन जा. पर पयलं दळण माझं."

"तुमचंच."

जत्रेच्या दिवशी रेवणप्पाच्या अंगणाभोवती माणूस मावेना. पाथरीपासूनचे लोक आले होते. किशनरावांची बैलगाडी वेशीपाशी उभीच होती, इंजिन न्यायच्या तयारीनं. आणि गर्दीत आधी कोण घुसलं असेल, तर सटवाजी.

"लावा रे लावा! इंजिन चालू व्हतंय का न्हाई? मी म्हणतो, न्हाई!" दिवा आपल्या बाजेखाली आहे, मग इंजिन चालेलच कसं, अशी त्याची खात्री. लोक दोन्हीकडून पैसे लावू लागले. "रेवणप्पा, लेका, स्वतःच्या इंजिनावर तरी लाव! का भरवसा न्हाई?"

रेवणप्पा अंगणातल्या छपरात, इंजिनाआड दिवा पेटवून बसला होता. डोकं लाल झालं. त्यानं चाकाला झोका दिला. फुस्स. पुन्हा दिला. फुस्स.

सटवाजी ओरडला, "म्हैशीसारखंच हे बी गेलं रे!"

गर्दी हसली. रेवणप्पाच्या छातीत तेच जुनं धडधडलं. लावावं का? इंजिनाला काय झालंय ते त्याला आता ऐकू आलं होतं. तेलाच्या नळीत हवा अडकली होती. अगदी खात्रीचा डाव. गेलेली म्हैस एका झटक्यात परत.

दारात शिवम्मा उभी होती.

"न्हाई, सटवाजी," रेवणप्पा म्हणाला. "ह्याला कारण हाय. आन् कारण असल्यावर डाव कशाला?"

त्यानं नळीचं नट सैल केलं. तेलाबरोबर बुडबुडे आले, मग नुसतं तेल आलं. नट आवळून त्यानं सगळ्या अंगानं चाकाला झोका दिला.

टुक. टुक. टुक-टुक-टुक!

पट्टा थरथरला, दगड फिरला आणि सगळं अंगण ओरडलं. सटवाजी वाकून आत बघतो तो डोक्याखालच्या पितळेवर त्याची नजर खिळली. "हा... हा दिवा तर माझा!"

"गप ऱ्हावा," रांगेत सर्वांत पुढं उभी असलेली दगडाबाई म्हणाली, "आन् ही पायली वर उचला."

सटवाजीनं गुमान ज्वारी उचलून ओतली. किशनराव हसत हसत गाडीवानाला म्हणाले, "चल, रिकामीच ने."

त्यानंतर कितीतरी उन्हाळे आले. रझाकारांच्या धामधुमीत तेल मिळेना, तेव्हा गिरणी महिनोन्महिने बंद राहिली आणि रिकाम्या दुपारी पुन्हा अंगावर आल्या. रेवणप्पा इंजिन उघडून पुसायचा, जोडायचा आणि पुन्हा उघडायचा. चिंचांकडे गेला नाही. अठ्ठेचाळीसच्या भादव्यात निजामाचं राज्य गेलं आणि तेलाचा डबा गावात आला, तेव्हा एका झोक्यात इंजिनानं पेट घेतला. घराघरांतून बाया टोपल्या घेऊन निघाल्या, आणि त्यांच्या पुढं, पदर खोचलेली, म्हातारी दगडाबाई.