शेटांच्या दारातली माणसं

माझे सासरे गेले त्याला आता दुसरं वर्ष चाललंय. बाजारात कुणी भेटलं की अजून म्हणतं, असा माणूस परत होणार नाही. मी मान हलवते. खरंच आहे ते. पण म्हणणाऱ्यांपैकी कुणी त्यांच्या घरात राहिलं नव्हतं. मी राहिले, सव्वीस वर्षं.

माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. लग्न होऊन धसईला आले तेव्हा त्यांची भातगिरणी जोरात होती. सगळा भाग त्यांना शेट म्हणायचा, आम्ही घरातले बाबा. शेट नुसते नावाला. अंगात बंडी, खांद्यावर पंचा, भुवयांवर कोंड्याची धूळ. कुणी भात आणलं की त्यातला एक दाणा सोलून ते दाताखाली धरायचे. ओला लागला तर पोतं परत. "आता भरडलं तर सगळी कणी होईल रे. दोन दिवस उन्हात टाक, मग आण." गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही काळजी त्यांना कधी शिवली नाही.

सिद्धगडाकडच्या वाड्यांमधून माणसं पोती घेऊन यायची. नंबर लागेपर्यंत दुपार टळायची, आणि उपाशी माणूस गिरणीवर बसलेला बाबांना खपायचा नाही. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "आठ पानं वाढ गो." मला वाटलं, सासरचे कोणी नातेवाईक असतील. डोक्यावर पदर घेऊन मी वाढलं, आग्रह केला. ती माणसं गेल्यावर सासूबाईंना विचारलं, "कोण होते हे?"

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "उद्या दुसरे असतील."

पुढे सासूबाईंचे पाय सुजायला लागले आणि चूल माझ्याकडे आली. गिरणीवर थांबलेले, दवाखान्यात नेलेल्यांच्या मागून आलेले, सोयरीक जमवायला बसलेले, भावाभावांचं भांडण घेऊन आलेले. आमची जीप शेतापेक्षा दवाखान्याच्याच वाटेवर जास्त धावली असेल. घरच्यांवर बाबांची माया नव्हती असं मात्र नाही. माझी मुलगी पेज खायला लागली तेव्हा तिचे तांदूळ ते स्वतः पाखडायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. तिला ताप आला तर गिरणीचा पट्टा बंद करून उशाशी बसायचे. पण दारात कुणी हाक मारली की उठायचे. आम्ही त्यांची होतो, म्हणून आम्ही थांबू, असं ते धरूनच चालायचे.

धाकट्या नणंदेच्या लग्नाच्या दिवशीही हेच झालं.

वैशाखातलं लग्न, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. सकाळी मंडपात चहा फिरत होता तेव्हा एका वाडीतला माणूस धापा टाकत आला. बायको रात्रीपासून अडली होती. गावातल्या बाकी गाड्या वऱ्हाड आणायला गेलेल्या. बाबांनी खुंटीवरची जीपची किल्ली काढली.

सासूबाई आडव्या आल्या. "आज नका जाऊ. पोरीचं लगीन हाय."

"बाराच्या आत येतो," बाबा म्हणाले. "मुरबाडला सोडायचं आन् मागं फिरायचं."

मुरबाडला डॉक्टरांनी तपासून सांगितलं की इथे होणार नाही, उल्हासनगरला न्या. ते आम्हाला नंतर कळलं. इकडे साडेबारा झाले. वराकडची मंडळी कुजबुजायला लागली, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी चुलत सासऱ्यांनी कन्यादान केलं. नणंद खाली मान घालून बसली होती. तिच्या हातावर पाणी सोडलं तेव्हा तिने एकदा मंडपाच्या तोंडाकडे बघितलं, मग नाही बघितलं.

दुसरी पंगत उठत होती तेव्हा जीप आली. बाबा आत आले नाहीत. मागच्या बाजूला हापशाशी उभे राहून हात धूत होते. सदऱ्यावर रक्ताचे डाग. मी धुतलेला सदरा नेऊन दिला. सासूबाई माझ्या मागे आल्या होत्या. त्या रागावतील असं मला वाटलं, पण त्यांनी एवढंच विचारलं, "सुटली का?"

"बाई जगली," बाबा म्हणाले. "पोर नाय."

मग सदरा बदलून ते मंडपात गेले. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलात?" तेवढंच. ते काहीतरी सांगणार होते, पण व्याही समोर आले आणि राहून गेलं. पाठवणीच्या वेळी ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. त्यांच्या पाया पडली, पण रडली नाही. पहिल्या दिवाळीला एक रात्र राहून परत गेली. पुढे ती येत राहिली, बोलत राहिली, पण त्या दिवसाचा विषय तिने कधी काढला नाही आणि त्यांनीही नाही.

हळूहळू गिरणी ओस पडत गेली. वाड्यावाड्यांवर भरडायच्या छोट्या गिरण्या आल्या, दुकानात पिशवीतला तांदूळ मिळायला लागला. सासूबाई गेल्या. माझे यजमान मुरबाडच्या कारखान्यात नोकरीला लागले होते. बाबा रिकाम्या गिरणीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. मग एका पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोलणं कळायचं.

दोन वर्षांहून जास्त मी त्यांचं सगळं केलं. अंघोळ, कपडे, घास भरवणं. भेटायला माणसं येतच होती, आणि आलेल्यांना चहा, जेवण होतंच. तेव्हा तर कुणाच्या चपला दारात वाजल्या तरी माझ्या अंगावर काटा यायचा.

शेवटच्या वर्षी त्यांनी म्हसा गावच्या जत्रेचा हट्ट धरला. यजमानांनी गाडीतून नेलं, घोंगड्यांच्या दुकानांपाशी सावलीत खुर्ची मिळवून दिली आणि ते ओळखीच्या कुणाशी तरी बोलायला गेले. मी खाली पटकुरावर बसले. बैलांच्या बाजूने धूळ येत होती. बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"दमलीस ना गो?"

"कशाने?"

"माज्या मान्सांनी."

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. नाही म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, सवयीने. पण मी म्हटलं, "हो बाबा. दमले."

त्यांनी मान हलवली. "मी पन दमलो गो. लई वर्सांपासून."

"मग थांबायचं होतंत."

"दारात मानूस उभा असला की कसा थांबू?"

"मला एकदा विचारायचं तरी होतंत."

डाव्या हाताने तोंड पुसून ते म्हणाले, "तू नाय म्हनली असतीस तर?"

मला राग आला आणि रडूही आलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच विचारलं नव्हतं. यजमान परत आले तेव्हा आम्ही दोघं दोन दिशांना बघत बसलो होतो.

भादव्यात एका दुपारी ते गेले. वाड्यांमधून माणसं चालत आली. रस्त्यावर एसटीला वाट मिळेना. तेराव्याला वाडीतल्या बायकांनी मला माझ्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. "वयनी, तुमी आज भांड्याला हात लावायचा नाय." त्यांनी आमटीत मीठ जास्त घातलं, डबे भलत्याच फळीवर ठेवले, आणि मी आतल्या खोलीत जाऊन झोपले. संध्याकाळपर्यंत झोपले. नणंदेने मध्ये येऊन अंगावर पांघरूण घातलं, ते मला कळलंही नाही.

गिरणीचं यंत्र आम्ही विकलं. मागच्या आठवड्यात दुपारी दारात एक म्हातारा उभा होता, हातात दवाखान्याचे कागद. "शेट हायेत का?" त्याला बातमी लागलीच नव्हती. मी सांगितलं. तो पायरीवरच बसला. मी त्याला चहा दिला, कागद वाचून कुठे जायचं ते सांगितलं, मुरबाडच्या गाडीचा टाइम सांगितला. भात तयार होता घरात. जेवायला थांबा, असं मी म्हटलं नाही. तो गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि एकटीच जेवायला बसले. दोन घास खाल्ले, पुढे गेलं नाही. ताट झाकून ठेवलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसून राहिले.